‘वयाला शोभत नाही’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा मुंढा चुकलेला असतो

शिंप्याच्या वहीत छाती, कंबर, शोल्डर, मुंढा (म्हणजे बाही जोडायला काखेभोवती कापलेला गोल), बाही, उंची, पुढचा गळा, मागचा गळा असे रकाने असतात. वयाचा रकाना नसतो. तरीही पन्नाशीच्या बाईने बिनबाह्यांचा ब्लाउज शिवायला टाकला की घरातलं नाहीतर शेजारचं कोणीतरी विचारतंच, "आता या वयात?" दुसरीकडे हल्ली असंही ऐकू येतं की वय म्हणजे नुसता आकडा, मनाला येईल ते घाला. मला दोन्ही पटत नाही. अमुक वयाला अमुक कपडा हा नियम कधीच टिकलेला नाही. पण शरीर मात्र वयाबरोबर खरंच बदलतं. खांदा पुढे येतो, पाठीला बाक येतो, छाती उतरते, पोट सुटतं, हात मागे जाईनासा होतो. हे बदल टेपवर दिसतात, आणि ते मापात उतरले नाहीत तर सगळ्यात ‘सोज्वळ’ कपडासुद्धा विचित्र दिसतो.

नियम टिकत नाही याचा दाखला आपल्याच घरांत आहे. एकेकाळी मुलगी परकर-पोलक्यातून थेट नऊवारीत जायची. मग गोल साडी आली, तेव्हा ती तरुण, शिकलेल्या बायकांची समजली गेली आणि नऊवारी आज्यांकडे उरली. आज पाडव्याच्या शोभायात्रेत गिरगावात नाहीतर डोंबिवलीत नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली विशीतल्या असतात, आणि त्यांच्या आज्या पंजाबी ड्रेसमध्ये फुटपाथवर उभ्या राहून बघत असतात. तो पंजाबी ड्रेस पूर्वी कॉलेजातल्या, लग्न न झालेल्या मुलींचा होता. लग्नानंतर तो घालायला सासरची परवानगी लागायची. कपडा तोच राहिला, त्याला चिकटवलेलं वय दर पिढीला बदलत गेलं.

शिवाय ‘वय’ म्हणून जे सांगितलं जातं त्यात बरंच काही वयाचं नसतंच. फिकट रंग, बिनकाठाची साडी, हातात बांगड्या नाहीत, हे वैधव्याचे संकेत होते. ते हळूहळू म्हातारपणाचे म्हणून खपू लागले. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि नंतर राज्य सरकारने तोच कित्ता इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा असं परिपत्रक काढलं. एवढ्या जुन्या गोष्टीसाठी ठराव करावा लागतो, यावरून त्या फिकट रंगामागे काय दडलंय ते कळतं. असो. आता कापडाकडे वळू.

सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे मापाचा ब्लाउज. आपल्याकडे टेपने माप द्यायला बायका संकोचतात किंवा कंटाळतात, आणि "हा घ्या मापाला" म्हणून जुना ब्लाउज पिशवीतून काढून देतात. तो आठ-दहा वर्षांपूर्वीचा असतो, दोनदा उसवून सैल केलेला असतो. शिंपी त्यावरून छाती आणि कंबर अंदाजाने वाढवतो. पण खांद्यापासून पॉइंटपर्यंतची, म्हणजे छातीच्या टोकापर्यंतची उंची, पाठीची लांबी, मुंढ्याचा आकार जसेच्या तसे उचलतो. म्हणजे घेर आजचा आणि आकार दहा वर्षांपूर्वीचा. चाळिशीनंतर मापाचा ब्लाउज देणं बंद करावं. निदान दोन वर्षांतून एकदा, किंवा वजन चार-पाच किलोने हललं की, टेपने नवं माप द्यावं.

आणि माप देताना आत जी ब्रा रोज घालणार तीच घातलेली असावी. हे सांगायला कोणी धजावत नाही, पण अर्धी फिटिंग तिथेच ठरते. ब्राचा भार खांद्यावरच्या पट्ट्यांनी नाही, छातीखालच्या पट्ट्याने पेलायचा असतो. खांद्यावर वळ उठत असतील आणि पाठीवरचा पट्टा वर सरकून कमान होत असेल, तर खालचा पट्टा सैल आहे. अशा वेळी बहुतेकजणी खांद्याचे पट्टे आणखी आवळतात आणि पाठीवरचा पट्टा आणखी वर चढतो. छातीखालचं माप घट्ट टेपने घ्यायचं, मग छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागेचं. दोन्हींतला फरक जितका इंच, तितका कप मोठा: एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी. कंपनीगणिक यात थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून घालून बघणं आलंच. नवी ब्रा शेवटच्या, म्हणजे सगळ्यात सैल हुकावर नीट बसली पाहिजे, कारण इलास्टिक ढिलं पडत जातं तसं आतल्या हुकांकडे सरकायचं असतं.

आता पॉइंट. खांदा आणि मान मिळतात तिथून छातीच्या टोकापर्यंतचं हे माप. तरुणपणी ते साडेनऊ इंच असेल, तर पन्नाशीत साडेदहा होऊ शकतं. टक्सचं, म्हणजे फुगवट्यासाठी कापड दुमडून घातलेल्या निमुळत्या शिवणीचं टोक या पॉइंटच्या साधारण एक इंच अलीकडे थांबायला हवं. जुन्या मापाने टक्स वरच थांबला की तिथे कापडाचा रिकामा फुगा राहतो, खाली कापड ताणतं आणि ब्लाउजची खालची पट्टी वर चढते. मग बाई दिवसभर ब्लाउज खाली ओढत बसते. कटोरी ब्लाउजमध्ये हे जास्त उघड दिसतं, कारण कटोरीचा सगळा फुगवटा एकाच उंचीवर बेतलेला असतो. प्रिन्सेस कटमध्ये शिवण खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून खालपर्यंत जाते, त्यामुळे नंतरही अर्धा-पाऊण इंच हलवायला जागा मिळते. शरीर बदलत्या टप्प्यात असेल, म्हणजे पाळी जाण्याच्या आसपासची चार-पाच वर्षं, तर मी प्रिन्सेस कटच सुचवेन.

पाठीला थोडा बाक आला की पाठीचं कापड अपुरं पडतं आणि पुढचं जास्त होतं. लक्षणं ठरलेली: ब्लाउज मागून वर उचलला जातो, खांद्याची शिवण मागे सरकते, पुढे मानेपाशी आडव्या चुण्या पडतात. मानेच्या मागच्या टोकदार मणक्यापासून कंबरेपर्यंत एक माप मागून घ्यावं आणि खांद्यापासून पॉइंटवरून कंबरेपर्यंत एक पुढून, दोन्ही वहीत वेगवेगळी लिहावीत. पाठीच्या फळ्यांच्या उंचीवर मागच्या भागात अर्धा ते पाऊण इंच वाढवायचा. खांदा पुढे झुकला असेल तर खांद्याची शिवण अर्धा इंच पुढे न्यायची, म्हणजे पुढच्या भागातून अर्धा इंच कमी आणि मागच्यात तेवढाच जास्त.

मागचा खोल गळा ‘वयाला शोभत नाही’ म्हणतात त्याचं कारणही बहुधा हेच असतं. नऊ-दहा इंच खोल गळा बाकदार पाठीवर कडेने सुटतो आणि खांदे उतरतात. वरून दोरी लावून आवळलं की सुटलेलं कापड फक्त झाकलं जातं, खांदा उतरायचा राहत नाही. खोल गळा हवाच असेल तर मागच्या गळ्याच्या कडेला आतून अरुंद उरेप (तिरकी कापलेली) पट्टी किंचित ताणून लावावी आणि शोल्डर पाव-अर्धा इंच आत घ्यावा. नाहीतर पाच-सहा इंचांचा गळा ठेवावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि मिरवण्यासारखंही नाही.

मुंढ्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण इथे गिऱ्हाईक आणि शिंपी दोघंही मिळून चुकतात. दंड भरले, काखेत काचायला लागलं, की बाई म्हणते, "मुंढा जरा मोठा करा." शिंपी मुंढा खाली खोल कापतो. उभं राहिल्यावर मोकळं वाटतं. पण हात वर करून फडताळातला डबा काढायला गेलं की सगळा ब्लाउज हाताबरोबर वर येतो, कारण काखेपासून बाही आता खालच्या बाजूला जखडली गेली आहे. हात मोकळा हलायला मुंढा काखेजवळच असावा लागतो, आणि रुंदी बाहीच्या घेरात द्यावी लागते. दंडाचं माप कोपर वाकवून घ्यायचं, त्यात दीड इंच सैल धरायचा. तरीही काचत असेल तर काखेत दोन-अडीच इंचांची चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा जोडतुकडा, जोडावी. जुन्या पोलक्यांना असायची तीच.

बिनबाह्यांचा ब्लाउज किंवा कुर्ता साठीत वाईट दिसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढच्या वेळी दंडाऐवजी मुंढ्याकडे बघावं. बाहीवाल्या कपड्याचा मुंढा तसाच ठेवून नुसत्या बाह्या गाळल्या जातात, आणि मग काखेतून अस्तर, ब्राचा पट्टा, बगलेजवळचं मांस, सगळं दिसतं. बिनबाह्यांसाठी मुंढा अर्धा ते पाऊण इंच वर उचलावा लागतो. छाती भरलेली असेल तर मुंढ्याची पुढची कड सुटते, ती मुंढ्यातून पॉइंटकडे जाणारा छोटा टक्स घालून बसवावी. एवढं केलं की दंड कितीही जाड असो, कपडा नीटनेटका दिसतो. दंड दाखवायचे की नाहीत हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यात शिवणकामाला मत नाही. झाकायचेच असतील तर बाही दंडाच्या सगळ्यात जाड जागी संपवू नये. त्याच्या वर थांबवावी किंवा सरळ कोपरापर्यंत न्यावी.

बंद कुठे असावेत, हा प्रश्न चाळिशीनंतर आपोआप समोर येतो. खांदा आखडणं चाळीस ते साठ या वयात जास्त दिसतं, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि मधुमेह असेल तर आणखी जास्त. त्या महिन्यांत मागे हुक असलेला ब्लाउज आणि डोक्यावरून घालायचा कुर्ता दोन्ही छळतात. ब्लाउज पुढून उघडा हवा. कुर्ता पूर्ण पुढून बटणांचा, किंवा निदान बारा-चौदा इंचांची पुढची पट्टी असलेला. घालताना आधी दुखरा हात बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. बोटांचे सांधे दुखत असतील तर बारीक हुकांऐवजी मोठे हुक किंवा टिचबटणं. व्हेलक्रो सोपं वाटतं, पण ते रेशमी साडीचे धागे ओढतं आणि धुण्यात केसं-धागे गोळा करून पकड सोडतं. ते सुती घरगुती कपड्यांपुरतंच ठेवावं.

कापड निवडताना साठीच्या बाईला दुकानदार आपसूक बदामी, राखाडी, मोतिया रंग काढून दाखवतो. केस पांढरे झाले, भुवया विरळ झाल्या की चेहऱ्याचा स्वतःचा गडदपणा कमी होतो. त्यात गळ्याशी बदामी रंग आला की चेहरा आणखी मावळतो. जांभळा, बॉटल ग्रीन, मोरपंखी, कुंकवासारखा लाल हे रंग उलट अशा वेळी काम करतात. ठरवायचं तर कापड दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात हनुवटीखाली धरावं, कारण आतल्या दिव्यांखाली रंग वेगळाच भासतो. शिवाय फिकट तलम साडीतून परकराची रेघ दिसते आणि हळदीचा डाग जात नाही, हे ‘साध्या’ रंगांच्या पुरस्कर्त्यांनी कधी धुणं धुतलं नसल्याचं लक्षण.

पाळी जाताना अंगाची अचानक लाही होते, घाम फुटतो. तेव्हा पॉलिस्टरचं अस्तर हे खरं संकट असतं. साडी सुती, ब्लाउजपीस सुती आणि आत मात्र चकचकीत सिंथेटिक अस्तर, हे फार वेळा घडतं, कारण ते स्वस्त असतं आणि आटत नाही. अस्तर सुतीच मागावं आणि शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्यावं. न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड तसंच राहतं, आणि ब्लाउजला फुगे येतात. साडीच्या फॉलचंही तेच. सुती फॉल न भिजवता लावला की काठ चुणीदार होतो. साठीनंतर त्वचा पातळ होते, तिला जरीच्या काठाची उलटी बाजू बोचते. बाहीच्या काठाला आतून मलमलची पट्टी लावायला शिंप्याला पाच मिनिटं लागतात. सांगायला मात्र आपल्याला आठवावं लागतं.

परकराची नाडी हा विषय कोणी फॅशनमध्ये मोजत नाही, पण वयाशी सगळ्यात जास्त संबंध त्याचाच. वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बांधलेल्या नाडीने कंबरेवर काळा वळ पडतो, खाज येते, कातडी फाटते. बहुतेकींचं तेवढ्यावरच थांबतं. पण २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात दोन वयस्क स्त्रियांची नोंद मांडली, ज्यांच्या कंबरेवरच्या न भरणाऱ्या जखमेत कर्करोग झाला होता. त्यातली एक चाळीस वर्षं परकराविना लुगडं घट्ट नेसत होती. मुंबईत विकृतिशास्त्रज्ञ डॉ. खानोलकरांनी धोतराच्या बाबतीत असाच आजार १९४५ मध्येच नोंदवला होता. प्रकार दुर्मीळ आहे, घाबरायचं कारण नाही. पण कंबरेवरची जखम महिनाभरात भरत नसेल तर मलम लावत न बसता डॉक्टरांना दाखवावी.

नाडी आवळली जाते याचं कारण वजन. निऱ्यांचा आणि जरीच्या पदराचा सगळा भार त्या एका दोरीवर असतो. साडी घसरेल या भीतीने ती दर वेळी थोडी जास्त ओढली जाते. नेफ्यात बारीक दोरीऐवजी दीड-दोन इंच रुंद इलास्टिक घालावं, किंवा परकराला अडीच-तीन इंचांचा कापडी पट्टा लावून बाजूला हुक द्यावेत. भार रुंदीवर वाटला जातो. कंबरेचं माप उभं राहून एकदा आणि खुर्चीत बसून एकदा घ्यावं. पोट सुटलेलं असेल तर बसल्यावर दीड-दोन इंच सहज वाढतात, आणि परकर बसलेल्या मापाला सोयीचा हवा. बाजारातले माशाच्या आकाराचे घट्ट शेपवेअर परकर फोटोत छान दिसतात. गुडघे दुखणाऱ्या बाईने ते घालून एसटीची पायरी चढून बघावी. घ्यायचाच तर बाजूला गुडघ्यापर्यंत कट असलेला घ्यावा.

साडीची उंची नेहमी त्या दिवशीच्या चपला घालून ठरवावी आणि साठीनंतर जमिनीपासून इंचभर वर ठेवावी. जिना उतरताना पाय अडकतो तो पुढच्या निऱ्यांत. चढताना निऱ्या एका हाताने उचलता येतात, उतरताना तोच हात कठड्याला लागतो. या बाबतीत काष्ट्याची नऊवारी गोल साडीपेक्षा सुरक्षित आहे, कारण पाय वेगळे सुटतात. आठ मीटरांहून जास्त कापड सांभाळणं जड जात असेल तर शिवलेली नऊवारी घ्यावी, पण तिच्या कंबरेला नुसती नाडी नको, इलास्टिक हवं, आणि आसन, म्हणजे दोन पायांमधला भाग, ढिलं हवं. आसन तोकडं असलं तर मांडी घालून बसताना पहिली तीच शिवण उसवते.

कुर्त्यात बघायचं ते सीटचं, म्हणजे नितंबांच्या घेराचं माप. त्यात तीन-चार इंच सैल नसेल तर बाजूचे कट फाकतात आणि पोटावर आडव्या रेषा येतात. बाई मग एक साइज मोठा कुर्ता घेते आणि खांदे लोंबतात. खांद्याला बसणारा कुर्ता घेऊन बाजूची शिवण सोडवणं, किंवा खांद्याच्या मापाचा ए-लाइन घेणं, हे दोन्ही बरे. जीन्सचं थोडक्यात: ती पोटाच्या खाली बसणारी असली की पोट वर ढकललं जातं आणि मग ‘या वयात जीन्स’ वगैरे सुरू होतं. कंबरेपर्यंत येणारी, थोडी ताणणारी घ्यावी आणि मागे कंबरेत फट राहत असेल तर ती शिंप्याकडून टक्स घालून काढावी.

राहता राहिले कपाटातले जुने रेशमी ब्लाउज. पैठणीचे, इरकलीचे, लग्नातले. शिवताना बाजूच्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवली असेल तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच उसवलं की पुढचं-मागचं कापड मिळून घेर दोन इंचांनी वाढतो. उसवण्याआधी शिवणीच्या आतला रंग आणि बाहेरचा रंग जुळतो का ते पाहावं, आणि नखाने शिवणीजवळ हलकेच ताणून बघावं. रेशीम तिथेच आधी जिरतं, जिरलेलं असेल तर सैल केल्यावर पहिल्या नेसण्यालाच फाटेल. माया नसेल तर काखेपासून खालपर्यंत दोन इंचांची पट्टी दोन्ही बाजूंना जोडावी, तीच पुढे बाहीच्या खालच्या शिवणीत नेली की दंडही सुटतो. पट्टी त्याच रंगाची मिळत नाहीच, म्हणून सरळ काठाच्या रंगाची घ्यावी. खणाची घ्यायची झाली तर सुती खण भिजवून घ्यावा आणि अस्तर दोन्ही कापडांखालून अखंड घालावं, म्हणजे ताण जुन्या रेशमावर न येता अस्तरावर येतो.